जर्मनीत ओटा मांडायचाय? आधी भिंत बघा

जर्मनीत भाड्याच्या घराची चावी मिळते, आणि स्वयंपाकघरात बऱ्याचदा फक्त नळजोड आणि भिंतीतून आलेली एक जाड वायर असते. जाहिरातीत 'आइनबाउक्युशे' लिहिलं असेल तर ओटा-कपाटं मिळतात. नसेल तर सगळं आपण आणायचं, आणि घर सोडताना बहुधा आपणच काढून न्यायचं.

आम्ही आल्या-आल्या वापरलेलं किचन १,४०० युरोला घेतलं. एल आकाराचं, सिंक उजवीकडे. आमच्या घरात पाणी डाव्या भिंतीत! ओट्याची फळी सिंकसाठी आधीच कापलेली, ती फिरवून बसेना. नवी फळी आणि सुताराची मजुरी मिळून आणखी ९०० युरो गेले. त्यानंतर चार ओळखीच्या घरांत हेच झालेलं पाहिलं. आपल्याकडे 'अमक्याने घेतलं, स्वस्त पडलं' एवढ्यावर पैसे देऊन टाकतात. कृपा करून देऊ नका. आधी नळ, निचऱ्याचा पाइप, शेगडीची वायर आणि रेडिएटर (खोली गरम ठेवणारा भिंतीवरचा हीटर) कोपऱ्यापासून किती सेंटिमीटरवर आहेत ते मोजून कागदावर काढा. खिडकीही बघा. इथल्या खिडक्या आत उघडतात. खाली उंच नळ बसवला तर ती कायमची अडते. जर्मन माणूस मोजल्याशिवाय खिळा ठोकत नाही, ही सवय खरंच घेण्यासारखी आहे.

शेगडीची जोडणी बहुधा ४०० व्होल्टची असते. इलेक्ट्रिशियनच बोलवा.

मांडणी ठरवताना फ्रिज, सिंक, शेगडी हा क्रम ठेवा, आणि सिंक व शेगडी यांच्यामध्ये ९० सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. दुकानातला माणूस ६० पुरे म्हणेल. त्याच्या डोळ्यांसमोर चिरायचा पाट असतो. आपल्याला परात, पोळपाट आणि पोळ्यांचा डबा शेजारी-शेजारी हवा. ओटा साधारण ९० सेंटिमीटर उंच येतो. पोळ्या लाटणारी व्यक्ती बुटकी असेल तर कपाटांचे पाय फिरवून तो थोडा खाली घ्या, नाहीतर खांदे भरून येतात. मसाल्याचा डबा शेगडीच्या वरच्या कपाटात नको, वाफेने मसाले ओलसर होतात.

सिंकखाली ओला कचरा, कागद, प्लॅस्टिक यांचे वेगळे डबे मावतील एवढी जागा ठेवा.

चिमणीबद्दलही विचारून घ्या. भाड्याच्या अनेक घरांत ती हवा बाहेर टाकत नाही, कोळशाच्या फिल्टरमधून गाळून परत आत सोडते. फोडणी रोज असेल तर तो फिल्टर वेळच्या वेळी बदला आणि स्वयंपाकघराचं दार लावूनच तेल तापवा, कारण धुराचा अलार्म पॅसेजमध्येच असतो.