पिकअपचे शॉकअप गळतायत? नवे टाकण्याआधी या चुका टाळा

पिकअप खड्ड्यात आपटली, मागून खडखड आली, की गॅरेजमध्ये पहिला निकाल ठरलेला: ‘शॉकअप गेले.’ कधी ते खरंच गेलेले असतात. पण बऱ्याचदा दोष बुशात (जोडातल्या रबरी नळीत) किंवा पाट्यात (पट्ट्यांच्या लोखंडी स्प्रिंगमध्ये) असतो, आणि नवे शॉकअप टाकूनही आवाज तसाच राहतो.

तेल दिसलं म्हणजे शॉकअप गळाला असं नाही. दांड्याच्या सीलपाशी हलका तेलकट थर आणि त्यावर धूळ, इतकं चालतं. नळीवरून ओघळ उतरला असेल, खाली थेंब लोंबत असेल, तर तो संपला. आधी पुसून घ्या, दिवसभर गाडी चालवा, मग पुन्हा बघा. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ती अ‍ॅक्सलच्या सीलची किंवा ब्रेकच्या व्हील सिलिंडरची असू शकते. ब्रेक ऑइलची पातळी उतरली असेल तर शॉकअपचं नंतर बघू, गाडी जागेवरून हलवू नका.

कोपरा दाबून गाडी किती डुलते हे पाहायची पद्धत कारला ठीक आहे. रिकाम्या पिकअपचे मागचे पाटे हाताने दबतच नाहीत, मग कळणार काय? त्यापेक्षा खराब रस्त्यावरून आल्यावर दोन्ही बाजूंच्या शॉकअपना जपून हात लावा. काम करणारा गरम झालेला असतो. एक गरम आणि दुसरा गार असेल तर गारवाला मेलेला.

वजन पेलतात पाटे. शॉकअप फक्त उसळी थोपवतो. त्यामुळे गाडी एका बाजूला बसली असेल तर आधी पाट्यातलं तुटलेलं पान, म्हणजे पट्टी, शोधा. पानं मधोमध धरणारा सेंटर बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी तिरकी धावते. अलाइनमेंटवर कितीही पैसे घाला, ती सरळ होणार नाही. शॅकलच्या (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या कडीच्या) बुशात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून हलवून बघा. ढिला बुश लगेच बोलतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जास्त माल भरता यावा म्हणून वाढवलेलं पान. पाटा कडक होतो, पण चॅसी, बेअरिंग आणि ब्रेक तेच राहतात. शिवाय काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब गाडी किती दबली यावर ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. पान वाढवलं की भरलेली गाडीही त्याला हलकी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. कांदा भरून कसारा घाट उतरताना हे परवडणारं नाही.

बसवतानाही घोळ होतात. दांडा प्लायरने धरला तर त्यावर ओरखडा पडतो आणि नवं सील काही दिवसांत फाटतं. रबरी बुशाचे बोल्ट चाकं लोंबकळत असताना शेवटपर्यंत आवळू नका, गाडी जमिनीवर टेकल्यावर आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं. शॉकअप जोडीनेच बदला. धुतल्यावर पाट्यांवर डिझेल मारायची सवयही सोडा, त्याने बुशाचं रबर फुगून मऊ पडतं.

पाटे उघडले असतील तर ते अ‍ॅक्सलला आवळणारे यू बोल्ट नवेच टाका आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घ्या. नव्या पाट्यांची पानं एकमेकांवर बसली की यू बोल्ट थोडे ढिले होतात, आणि सेंटर बोल्ट बहुतेकदा त्यामुळेच तुटतो.