दुरुस्तीच्या कामातील तोंडी बदल थोपवण्यासाठी एक वही

वाशी-नेरूळकडच्या सोसायट्यांत दुरुस्ती निघाली की सचिव ठेकेदाराला एक सांगतात, खजिनदार परस्पर दुसरे सांगतात आणि सुपरवायझर व्हॉट्सॲपवर आलेली तिसरीच सूचना प्रमाण मानून कारागिरांना कामाला लावतो. हे टाळण्यासाठी वॉचमनच्या केबिनमध्ये बदलांची एकच वही ठेवावी.

१. बदल कोणीही सुचवो, तारीख, जागा आणि सुचवणाऱ्याचे नाव घालून तो एका ओळीत लिहावा.

२. त्याच ओळीत ठेकेदाराने वाढीव खर्च आणि वाढीव दिवस भरावेत. हा रकाना सर्वांत मोलाचा आहे, कारण ‘गच्चीच्या कठड्याला आतूनही वॉटरप्रूफिंग’ यापुढे ‘३ दिवस’ असे दिसले, आणि आपल्याकडे पाऊस साधारण ११ जूनला दाखल होतो हे ध्यानात आले, की ती सूचना आताच हवी की दिवाळीनंतर चालेल, याचा निर्णय सदस्य स्वतःच करतात. (निम्मे वाद इथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.)

३. समितीने नेमलेल्या एकाच व्यक्तीने सही करावी. सही नसलेल्या बदलाचे बिल मंजूर होणार नाही, हे ठेकेदाराला वर्क ऑर्डरमध्येच लिहून द्यावे.

मात्र सुटू पाहणारे प्लास्टर किंवा उघडी पडलेली वीजवाहिनी अशा धोक्याच्या कामांसाठी सहीची वाट पाहू नये. ती कामे तत्काळ करून घ्यावीत आणि नोंद त्याच दिवशी संध्याकाळी करावी.