.22 चं किट की .22 चं पिस्तूल? 25 मीटरला उतरणाऱ्या मराठवाड्यातल्या नेमबाजांसाठी

10 मीटर एअर पिस्तूलवर हात बसला, गुण स्थिर झाले, की 25 मीटरचा विचार डोक्यात येतोच. तिथं .22 (नळीचा व्यास, इंचात) लाँग रायफल नावाचं काडतूस लागतं, आणि काडतूस आलं की शस्त्र परवाना आला. घरगुती चर्चेत मग दोन वाटा निघतात. एक वाट म्हणजे फक्त .22 साठी घडवलेलं मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेसाठीचं पिस्तूल. दुसरी म्हणजे .32 चं सेंटरफायर (पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या मधोमध असतो ते) मॅच पिस्तूल घ्यायचं आणि त्याच्याच सांगाड्यावर चढणारं .22 चं रूपांतर किट सोबत घ्यायचं. किट म्हणजे पिस्तुलाचा वरचा भाग: नळी, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग), त्याला परत पुढं ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग आणि वेगळं मॅगझिन. काही मॉडेलांत ट्रिगर युनिटही वेगळं येतं. वॉल्थर जीएसपी आणि पार्डिनी एसपी या घराण्यांतली पिस्तुलं अशी .22 आणि .32 दोन्हींत बदलता येतात.

पहिलं शस्त्र घेणाऱ्यानं .22 चं स्वतंत्र पिस्तूल घ्यावं, हे आमचं स्पष्ट मत आहे. किटकडं वळावं ते दोन कारणांसाठी: सेंटरफायर ही स्पर्धा तुम्ही खरोखर खेळणार असाल, किंवा परवान्यावर आणखी एका शस्त्राला जागा उरली नसेल. पैसे वाचतात म्हणून किट घेऊ नका. ते वाचत नाहीत, कारण .32 चं मूळ पिस्तूल आधी घ्यावंच लागतं.

परदेशी व्हिडिओंमध्ये ग्लॉक किंवा सीझेड 75 वर .22 चं किट बसवलेलं दिसतं. तिकडं 9 मिमीची काडतुसं महाग, .22 स्वस्त, म्हणून सरावासाठी ती सोय. आपल्याकडं 9 मिमी हा प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे, सामान्य नागरिकाला मूळ पिस्तूलच मिळत नाही. शिवाय अशा सर्व्हिस, म्हणजे पोलीस-लष्कराच्या धर्तीच्या, पिस्तुलावर किट चढवलं तरी खालचा ट्रिगर तोच जड राहतो. 25 मीटरच्या स्पर्धेत ट्रिगरला किमान 1000 ग्रॅम वजन हवं असतं आणि चांगला नेमबाज त्याच्या अगदी जवळ राहतो. दोन-अडीच किलोच्या ट्रिगरवर केलेला सराव तिथं उपयोगी पडत नाही. तेव्हा ते व्हिडिओ बाजूला ठेवा.

आधी स्पर्धा ठरवा, मग शस्त्र

निर्णयाची खरी किल्ली इथं आहे आणि बहुतेक जण नेमका हाच भाग घाईत उरकतात.

महिलांच्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात 30 गोळ्या प्रिसिजनच्या आणि 30 रॅपिडच्या असतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. प्रिसिजनमध्ये 5 गोळ्यांना 5 मिनिटं मिळतात. रॅपिडमध्ये लक्ष्य 3 सेकंद समोर येतं, 7 सेकंद जातं, आणि प्रत्येक वेळी एकच गोळी मारायची असते. पुरुषांच्या सेंटरफायरची रचनाही अशीच आहे, फक्त काडतूस .32 चं. या रचनेत पिस्तूल उसळलं तरी सावरायला 7 सेकंद आहेत. म्हणून इथं किटवालं पिस्तूल कमी पडत नाही. उलट तीच ग्रिप, तसाच ट्रिगर, तोच हात उचलण्याचा सराव .22 वर करून .32 वर नेता येतो. .32 ची काडतुसं दुर्मिळ आणि महाग असल्यानं हा फायदा मोठा आहे.

रॅपिड फायर आणि स्टँडर्ड पिस्तूल या स्वतंत्र स्पर्धांचं गणित वेगळं. रॅपिड फायरमध्ये 5 लक्ष्यांवर 5 गोळ्या 8, मग 6, मग 4 सेकंदांत मारायच्या. स्टँडर्डमध्ये 5 गोळ्यांना 150, 20 आणि 10 सेकंद. इथं पहिली गोळी सुटल्यावर नळी किती उसळते आणि किती सरळ परत येते यावर पुढच्या चारही गोळ्या अवलंबून. .22 साठीच घडवलेल्या पिस्तुलात नळी हाताच्या पंजाजवळ खाली बसवलेली असते, वजनाची वाटणी पुढं-मागं करता येते, आणि फाइनवेर्कबाऊ एडब्ल्यू 93 सारख्यात धक्का शोषणारी यंत्रणाही असते. .32 चा दणका सोसण्यासाठी केलेल्या सांगाड्यावर हे सगळं तितकं नेमकं जमत नाही. या दोन प्रकारांत उतरायचं असेल तर किटचा विषय तिथंच संपवा.

मोजमापं दोन्ही वाटांना सारखीच लागू आहेत: वजन 1400 ग्रॅमच्या आत, नळी जास्तीत जास्त 153 मिमी, दोन्ही साइटमधलं (नेम धरायची पुढची पट्टी आणि मागची खाच यांतलं) अंतर 220 मिमीपर्यंत, आणि पूर्ण पिस्तूल 300 × 150 × 50 मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे. किटसोबत जादा वजनाचे तुकडे आले असतील तर ते लावून काट्यावर ठेवून बघा. 1400 च्या वर गेलेलं पिस्तूल उपकरण तपासणीतच परत येतं.

परवान्याची बाजू

4.5 मिमी बोअरच्या आणि 20 जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. .22 ला लागतो, मग त्याची ताकद कितीही कमी वाटो. जिल्ह्यात अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेकडं जातो. छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालयाकडं. वय 21 पूर्ण नसेल तर नेहमीचा अर्ज चालत नाही, कनिष्ठ नेमबाजांसाठीची वेगळी तरतूद वापरावी लागते. त्यासाठी क्लबचं आणि राज्य संघटनेचं पत्र, तसंच स्पर्धांच्या गुणांची प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून फाइलला लावून ठेवा.

शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीच्या नावावर साधारणपणे दोनच शस्त्रं राहू शकतात. आपल्या भागात शेतीवाल्या घरांत बारा बोअर बंदूक पिढ्यान्‌पिढ्या असते. रानडुकरांच्या त्रासामुळं किंवा स्वसंरक्षणासाठी दुसरंही शस्त्र घेतलेलं असतं. अशा परवान्यावर तिसऱ्याला जागा नाही. नामांकित नेमबाजांना केंद्राच्या अधिसूचनेनं जास्त शस्त्रांची मुभा आहे, पण तो दर्जा गुणांवर मिळतो आणि नवख्याकडं तो नसतो. वडिलोपार्जित बंदूक भावाच्या परवान्यावर रीतसर हस्तांतरित करणं हा बहुतेक वेळा सगळ्यात सोपा मार्ग ठरतो.

किट ही काही सुटी वस्तू नाही. नळी आणि बोल्ट हे कायद्याच्या नजरेत शस्त्राचेच भाग आहेत. म्हणून पैसे देण्याआधी परवाना शाखेला विचारा की किटची नोंद मूळ पिस्तुलाखाली होईल की स्वतंत्र, आणि उत्तर लेखी घ्या. दोन बोअरची काडतुसं घ्यायची तर दोन्ही बोअर परवान्यावर लिहिलेले हवेत. फक्त .32 लिहिलं असेल तर गन हाऊसवाला .22 चा एक डबाही देणार नाही, आणि द्यायलाही नको. गावातल्या लेथवर नळी बदलून देणारा कोणी भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. शस्त्र बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं हे शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार परवानाधारक कारागिराचंच काम आहे; त्याबाहेर केलं तर दोघंही गुन्ह्यात अडकतात.

काडतुसांचा वार्षिक आकडाही परवान्यावर असतो. एका मॅचला 60 गोळ्या आणि दोन टप्प्यांआधी 5-5 चाचणीच्या, म्हणजे 70. आकडा 1000 असेल तर वर्षभरात जेमतेम 14 मॅच. अर्ज करतानाच सरावाचं वेळापत्रक जोडून वाढीव आकडा मागा.

आणखी एक गोष्ट आधी बघा: जवळच्या रेंजवर .22 चालवायला मान्यता आहे का. अनेक ठिकाणी फक्त 10 मीटरची एअर रेंज असते. 25 मीटरसाठी दर वेळी पुण्याला जावं लागणार असेल तर परवान्याचं क्षेत्र जिल्ह्यापुरतं ठेवून चालणार नाही.

हातात घेऊन बघताना

ग्रिप आधी. मॅच पिस्तुलाच्या लाकडी ग्रिप लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत येतात. डोळे मिटून हात उचला, स्थिर करा, डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध नसेल तर ग्रिप तुमची नाही, किंवा ती घासून आणि लाकडाची लुगदी भरून बसवावी लागेल. मग ट्रिगर. 1000 ग्रॅमचं वजन ट्रिगरला अडकवून पिस्तूल सरळ वर उचला, वजन उचललं गेलं पाहिजे. तपासणीत तीन प्रयत्न मिळतात, पण काठावरचा ट्रिगर घेऊन स्पर्धेला जाणं म्हणजे उगाच धाकधूक.

किट असेल तर ते सांगाड्यावर चढवून नळीला हलकेच डावं-उजवं हलवा. खडखड जाणवली तर गोळ्या एका जागी पडणार नाहीत. साइट किटच्याच नळीवर आहे का हेही बघा. असेल तर .22 चा झिरो (गोळी नेमावर पडेल अशी साइटची जुळणी) .22 जवळ आणि .32 चा .32 जवळ राहतो. साइट सांगाड्यावर असेल तर प्रत्येक अदलाबदलीनंतर झिरो नव्यानं करावा लागेल आणि दर वेळी दहा-पंधरा काडतुसं त्यातच जातील.

मग प्रत्यक्ष चाचणी. टेकू देऊन 25 मीटरवर 10 गोळ्या मारा. प्रिसिजन लक्ष्याचं 10 चं वर्तुळ 50 मिमीचं आहे. टेकूवरून सगळ्या गोळ्या त्यात सहज बसायला हव्यात. नंतर दोन-तीन वेगळ्या बनावटीच्या स्टँडर्ड व्हेलॉसिटी (साधारण वेगाच्या) काडतुसांच्या मिळून किमान 200 गोळ्या चालवा आणि प्रत्येक अडथळा वहीत लिहा: कितवी गोळी, कोणतं मॅगझिन, कोणतं काडतूस. एकाच मॅगझिनमध्ये अडथळे येत असतील तर दोष मॅगझिनचा. एकाच काडतुसाला येत असतील तर काडतूस बदला. सगळीकडं विखुरलेले असतील तर ते पिस्तूल किंवा किट नको.

कुठं अडतं आणि का

.22 मध्ये पेट घेणारा मसाला काडतुसाच्या काठात भरलेला असतो. तो काठात सगळीकडं सारखा पसरला नसेल तर पिन बसूनही काडतूस पेटत नाही. अशा वेळी नळी लक्ष्याकडंच ठेवून 30 सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. उशिरा पेटणारं काडतूस हातात फुटू शकतं. आवाज नेहमीपेक्षा बसका आला तर पुढची गोळी अजिबात मारू नका. मॅगझिन काढा आणि नळी मोकळी आहे का बघा, आत गोळी अडकलेली असू शकते. स्पर्धेत असं काही झालं तर पिस्तूल लक्ष्याकडं रोखून मोकळा हात वर करा आणि अधिकाऱ्याची वाट पाहा. स्वतः उघडलंत तर बिघाडाबद्दल मिळणारी सवलत जाते.

मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या काठापुढं आला पाहिजे. मागं राहिला तर दोन काठ एकमेकांत अडकतात आणि वरचं काडतूस पुढं सरकतच नाही. नवख्यांचे बरेच अडथळे असे, भरतानाच तयार होतात.

किटला अडथळे जास्त येतात, याचं कारण साधं आहे. .22 ची ताकद थोडी. त्या ताकदीवर बोल्ट मागं जायचा, टरफल बाहेर फेकायचं, पुढचं काडतूस आत ढकलायचं. स्वतंत्र पिस्तुलात बोल्टचं वजन आणि स्प्रिंग या एकाच कामासाठी जुळवलेली असतात. किटला दुसऱ्याच्या सांगाड्याशी जमवून घ्यावं लागतं, त्यामुळं थोडी घाण साचली, तेल थोडं जाड झालं, की बोल्ट पूर्ण मागं जात नाही आणि टरफल उभं अडकतं.

इथं आपला उन्हाळा आणि फुफाटा आड येतो. नांदेड-परभणीकडं मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो. .22 च्या उघड्या शिशाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं. तापलेल्या गाडीत ते मऊ पडतं आणि त्यावर धूळ चिकटते. ती धूळ थेट चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात) जाते. काडतुसं गाडीत सोडू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवा. तेल पातळ वापरा आणि थेंबानं नव्हे, कापडाच्या बोळ्यानं फिरवा. जादा तेल आणि काळ्या मातीची बारीक धूळ मिळून चिखलच होतो. दर 200-300 गोळ्यांनंतर चेंबरचं तोंड आणि टरफल ओढणारा आकडा ब्रशनं साफ करा.

कोरड्या सरावासाठी (काडतूस न भरता ट्रिगर ओढण्याच्या, म्हणजे ड्राय फायरच्या) रिकाम्या .22 वर ट्रिगर ओढत बसू नका. पिन चेंबरच्या कडेवर आदळते, तिथं खड्डा पडतो आणि पुढं टरफल अडकायला लागतं. पिस्तुलाला ड्राय फायरची सोय असेल तर ती वापरा, नाहीतर हा सराव एअर पिस्तुलावरच करा.

किट घेतलंच तर .22 आणि .32 ची काडतुसं वेगळ्या रंगाच्या डब्यांत, मॅगझिनं वेगळ्या कप्प्यात ठेवा. .32 मध्येही एक गल्लत होते. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या अशनी पिस्तुलाचं .32 एसीपी आणि मॅच पिस्तुलाचं .32 एस अँड डब्ल्यू लाँग वॉडकटर (सपाट तोंडाच्या गोळीचं) ही दोन वेगळी काडतुसं आहेत. दुकानात नुसतं "बत्तीसची द्या" म्हणू नका, डब्यावरचं पूर्ण नाव वाचून घ्या. अदलाबदल करताना आधी मॅगझिन काढा, बोल्ट मागं ओढा, चेंबरच्या तोंडाला बोट लावून आणि आत बघून ते रिकामं असल्याची खात्री करा. मगच स्क्रूला हात लावा. नवा भाग चढवल्यावर बोल्ट चार-पाच वेळा हातानं मागं-पुढं करा, सेफ्टी तपासा, आणि पहिल्या भरण्यात मॅगझिनमध्ये एकच काडतूस घाला. ते नीट सुटलं, टरफल बाहेर पडलं, की दुसऱ्यांदा दोन घाला: एका ट्रिगरला एकच गोळी सुटते हे तिथं कळतं. मग पाच.