चाळिशीनंतर वजन उतरवताना: चरबी जावी, स्नायू राहावेत

चाळिशी ओलांडलेली माणसं वजन उतरवायला लागली की बहुतेक वेळा रात्रीच्या जेवणाला कात्री लावतात. पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो, दीड-दोन महिन्यांत अडतो आणि पुढे गेलेलं वजन व्याजासकट परत येतं. या वयात सुरुवातीचा क्रम बदलायला हवा. आधी स्नायू सांभाळायची सोय करायची आणि जेवण कमी करणं सर्वांत शेवटी ठेवायचं.

त्यामागचं कारण असं. ‘वयामुळे चयापचय मंदावला’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं. पण २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा हजारांहून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाचा अभ्यास छापून आला. शरीरातील स्नायू आणि चरबीचं प्रमाण हिशेबात धरलं, तर विशीपासून साठीपर्यंत चयापचय जवळपास स्थिर राहतो असं त्यात दिसलं. खरी घट होते ती स्नायूंची. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात. त्यातच बसणं वाढतं, झोप मोडते आणि जेवण मात्र पंचविशीतलंच राहतं. बायकांना पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन घटल्यामुळे चरबी मांड्यांपेक्षा पोटावर अधिक साठते. अशा वेळी नुसतं उपाशी राहिलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि वजन परत येतं तेव्हा ते मुख्यतः चरबीच्या रूपात येतं.

पहिला आठवडा: फक्त मोजमाप

रक्तदाब, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबी), थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या. मधुमेहावर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी डोसबद्दल बोलणं अत्यावश्यक आहे, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्याही वजन उतरेल तशा जास्त ठरू शकतात आणि उठल्यावर चक्कर येऊ लागते. स्टेरॉइड, मनोविकारांवरची काही औषधं आणि नसांच्या दुखण्यावरचं प्रीगाबालिन यांनी वजन वाढू शकतं. अशी गोळी स्वतःहून बंद करू नका, पर्याय आहे का ते विचारा. मोठ्याने घोरणं आणि दिवसभर पेंग येणं असं दोन्ही असेल तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासून घ्या. तो त्रास तसाच राहिला तर बाकी सगळं अवघड होतं.

कंबर मोजताना मोजपट्टी बरगडीचं सर्वांत खालचं हाड आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये ठेवा. श्वास सहज सोडा आणि मग आकडा वाचा. पँट जिथे बसते तिथला घेर कमरेपेक्षा बराच कमी भरतो आणि त्यावर विसंबून माणूस स्वतःची फसवणूक करून घेतो. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, म्हणजे उंची १६० सेंमी असेल तर कंबर ८० सेंमीच्या आत.

वजन सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करा. रोज लिहा, पण निष्कर्ष काढायचा तो सात दिवसांच्या सरासरीवरूनच. मीठ, पाळी, बद्धकोष्ठता यांनी एका दिवसात किलोभर फरक सहज पडतो.

या आठवड्यात जेवण बदलू नका, फक्त सगळं लिहून ठेवा. चहातली साखर, स्वयंपाक करताना तोंडात टाकलेला घास आणि मुलांच्या ताटात उरलेलंही लिहा. तेल मोजून घ्या. १५ मिलीच्या एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात आणि अंदाजाने ओतताना दोन चमच्यांचे चार कधी होतात ते कळतही नाही.

दुसरा आठवडा: प्रथिनं

रोजचं प्रमाण अपेक्षित वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम धरा. ६४ किलोपर्यंत यायचं असेल तर ७७ ते ९६ ग्रॅम. ते तीन जेवणांत वाटून घ्या, म्हणजे प्रत्येक वेळी निदान २५ ग्रॅम मिळतील. वाढत्या वयात स्नायूंना एका वेळेला थोडी जास्त प्रथिनं लागतात, तेव्हा सगळा कोटा रात्रीच्या जेवणात भरून काढू नका. एका अंड्यात ६ ग्रॅम, २०० मिली दुधात ६ ते ७, १५० ग्रॅम घट्ट शिजलेल्या डाळीत किंवा कडधान्यात १२-१३ आणि १०० ग्रॅम शिजवलेल्या माशात किंवा चिकनमध्ये २० ते ३० ग्रॅम प्रथिनं असतात. डाळ पातळ केली की तेवढ्याच वाटीत प्रथिनं निम्म्यावर येतात. सर्वांत जास्त कमतरता नाश्त्यात सापडते, म्हणून दुरुस्तीही तिथूनच सुरू करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

तिसरा आठवडा: ताकदीचा व्यायाम

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. एका वेळेला २५ मिनिटं पुरतात. आमच्या मते सगळ्या बेतातला हा भाग सर्वांत मोलाचा आहे आणि नेमका तोच आधी गाळला जातो.

खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि तीन आकडे मोजत सावकाश बसा. गुडघे आत वळू देऊ नका. दुखत असतील तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. दुसरा व्यायाम भिंतीला हात टेकून दंड. ते सोपे वाटू लागले की भक्कम टेबलाच्या कडेवर आणि नंतर जमिनीवर. तिसरा, इलॅस्टिक बँड कोपर मागे नेत पोटाकडे ओढणं. खांदे कानांकडे चढले तर बँड फार कडक आहे असं समजा. चौथा, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं. जोर नितंबांत जाणवायला हवा. पाठीत जाणवत असेल तर टाचा शरीराजवळ घ्या. शेवटी दोन्ही हातांत सारखं वजन घेऊन ताठ चालायचं, अर्धा-अर्धा मिनिट दोनदा.

पहिल्या चार प्रकारांचे प्रत्येकी ८ ते १२ वेळा असे दोन फेरे करा. आणखी दोन-तीनच जमतील असं वाटलं की थांबा. जोर लावताना श्वास सोडा, कारण श्वास कोंडला की रक्तदाब उसळतो. व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी १२-१२ सहज झाले की वजन वाढवा किंवा प्रकार अवघड करा. याच टप्प्यावर फार जण अडकतात. महिनोन् महिने एक किलोच्या डंबेलवर राहिलं तर स्नायूंना टिकून राहण्याचं कारणच उरत नाही.

दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकणं ठीक. सांध्यात टोचणारी कळ किंवा सूज आली तर मात्र तो प्रकार थांबवा. छातीत दडपण आलं, दम अकारण लागला, तर व्यायाम तिथेच सोडून तातडीने वैद्यकीय मदत घ्या. या आठवड्यात काटा अर्धा-एक किलो वर गेलेला दिसू शकतो. नव्या श्रमाने स्नायूंत पाणी साठतं, ते उतरतं.

चालण्यासाठी दहा हजार पावलांचा हट्ट नको. सध्याची सरासरी काढा आणि दर आठवड्याला हजारभर पावलं वाढवा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, हा योग्य वेग. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते. जेवणानंतरची १०-१५ मिनिटं साखरेसाठी विशेष उपयोगी पडतात. सपाट, मऊ तळव्याचे बूट वापरा. वजन एक किलो उतरलं की चालताना गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोने हलका होतो, म्हणजे आज चालताना होणारा त्रास पुढे कमी होत जाईल.

झोप सात तासांहून कमी असेल तर भूक वाढते आणि गोड-तळलेल्याकडे हात जातो. रात्रीचं मद्यही इथेच येतं. त्यातल्या अल्कोहोलच्या दर ग्रॅमला ७ कॅलरी, आणि शिवाय झोप तुटते.

चौथा आठवडा: आता जेवण कमी करा

विश्रांतीत शरीर दिवसाला किती कॅलरी खर्च करतं ते काढायला मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरा: वजन (किलो) गुणिले १०, अधिक उंची (सेंमी) गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुषांनी त्यात ५ मिळवावेत, स्त्रियांनी १६१ वजा करावेत. ४८ वर्षांची, १५८ सेंमी उंचीची, ७४ किलोची स्त्री घेतली तर उत्तर सुमारे १३२७ येतं. दिवसभराचा एकूण खर्च काढायला बैठ्या दिनक्रमासाठी १.२ ने गुणा: १५९० कॅलरी. आठवड्याला तीन वेळा व्यायाम करतो म्हणून १.५५ चा गुणक लावणं ही नेहमीची चूक, त्याने चारशेहून अधिक कॅलरी कागदावरच वाढतात.

यातून ३५० वजा करा, म्हणजे १२४०. आठवड्याला सुमारे ३०० ग्रॅम, बारा आठवड्यांत तीन-साडेतीन किलो. हे कमी वाटेल, पण मूळ वजनाच्या ५ टक्के घटीनेही साखर आणि रक्तदाब सुधारू लागतात. स्त्रियांनी १२०० आणि पुरुषांनी १५०० कॅलरींच्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नये. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

कपात तेल, साखर, गोड पेयं आणि पिठूळ पदार्थांच्या दुसऱ्या वाढीतून करा. प्रथिनं आणि भाज्यांना हात लावू नका.

काटा अडला तर

सरासरी वजन आणि कंबर, दोन्ही सलग चार आठवडे हललं नाही तरच अडलं म्हणा. आधी शनिवार-रविवार तपासा. पाच दिवस रोज ३५० वाचवले की १७५० होतात, दोन दिवस रोज ९०० जास्त खाल्ले की ते सगळे फिटतात. मग आठवडाभर पुन्हा मोजून लिहा, कारण वाढपाची मापं हळूहळू सैल होतात. शिवाय पाच किलो उतरल्यावर सूत्राचं उत्तरही रोज सुमारे ६० कॅलरींनी खाली येतं, ते नव्याने मांडा.

हे सगळं नीट असूनही थकवा, चिडचिड आणि सतत भूक असेल तर दोन आठवडे कपात थांबवून आत्ताच्या वजनाला लागतं तेवढं खा, व्यायाम तसाच चालू ठेवा. पाण्यामुळे अर्धा-एक किलो वाढेल, ते धरू नका. अपेक्षित वजनाला पोचल्यावर रोजचं खाणं दर आठवड्याला १०० कॅलरींनी वाढवत न्या, सरासरी स्थिर राहील तिथे थांबा, आणि ताकदीच्या व्यायामाचे ते दोन दिवस तसेच राहू द्या.