मागाच्या बिडावर उभे राहिलेले घरचे वर्कशॉप

आयटीआयमधील फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपवून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी काम सुरू केले, तेव्हा पहिला खर्च वाइसवर, म्हणजे काम घट्ट धरणाऱ्या शिकंज्यावर, केला आणि तो जेवणाच्या जुन्या टेबलावर बसवला. कानस चालवली की टेबल भिंतीकडे सरकत असे आणि घासलेला पृष्ठभाग हमखास गोलसर येत असे. कित्येक आठवडे मी दोष माझ्या हाताला देत राहिलो.

सोलापुरात चादरी-टॉवेलचे जुने यंत्रमाग मोडीत निघतात, तेव्हा त्यांच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) बाजू भंगारात वजनावर मिळतात. अशा दोन बाजू पायांसारख्या उभ्या करून मी त्यांवर जाड फळ्या बसवल्या. बीड जड असते आणि कंपने बऱ्यापैकी जिरवते. मात्र साध्या वेल्डिंगने ते तडकण्याचा संभव असल्याने मूळच्या छिद्रांतूनच बोल्ट घेतले. मागाचे लाकूडही चांगले असते, पण वर्षानुवर्षे तेल प्यायलेले असल्याने त्यावर सरस धरत नाही, हे दोन सांधे निखळल्यावर समजले. वाइसच्या जबड्याची वरची कड उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला यावी, हा वर्गात शिकलेला नियम पाळताच कानस सपाट चालू लागली.

पॅकिंगच्या पेट्यांची लाकडे घेताना त्यांवरचा शिक्का वाचावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले लाकूड. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, जे मी घेत नाही.

मोटरीबाबत नवख्यांची सर्वाधिक फसगत होते. मागाची मोटर बहुधा थ्री-फेजची असते आणि घरात सिंगल फेज. कपॅसिटर लावून ती फिरते खरी, पण पूर्ण ताकद देत नाही. विकत घेण्यापूर्वी वायंडिंगवाल्याकडून मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे उपकरण) लावून घ्यावा. मिनिटाला 1440 फेरे घेणाऱ्या मोटरीवर 6 इंची आणि ग्राइंडरच्या स्पिंडलवर (चाक फिरवणाऱ्या दांड्यावर) 3 इंची पुली बसवली, तर स्पिंडल सुमारे 2880 फेरे घेतो. म्हणून ग्राइंडिंग चाकावर छापलेली कमाल गती आधी पाहावी. चाक मात्र नवेच घ्यावे, कारण आपटलेल्या चाकातील चीर डोळ्यांना दिसेलच असे नाही. वायर, स्विच, प्लग हेही भंगारातले नकोत; अर्थिंग आणि 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) यांवर मी वाइसपेक्षा जास्त पैसे घातले, आणि ते आधीच घालायला हवे होते.

मे महिन्यात शेडमध्ये उभे राहवत नसे. पत्र्यावर बाहेरून चुना मारल्यावर दुपारचे काम निदान शक्य झाले. छतासाठी एका पाडकामातून ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे फुकट मिळत होते; पण ते कापताना उडणारे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात, हे ठाऊक असल्याने रिकामी हातगाडी घेऊन परतलो.