‘चालतंय’ म्हणू नका : दोस्तांबरोबर ॲडव्हेंचर रेस कशी करावी

ॲडव्हेंचर रेसमध्ये एकाच शर्यतीत डोंगरातून पळायचं असतं, सायकल हाणायची असते, पाण्यात वल्ही मारायची असतात आणि कधी कधी दोरावरून कडाही उतरायचा असतो. रस्त्यावर बाण नसतात. आयोजक नकाशावर खुणा देतात, त्यांना चेकपॉइंट म्हणतात. तिथवर कुठल्या वाटेनं जायचं ते टीमनं ठरवायचं. मोठ्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत टीम बहुधा चौघांची असते आणि त्यात स्त्री-पुरुष दोन्ही लागतात. छोट्या शर्यतींत दोघातिघांवरही भागतं. एक नियम मात्र जवळपास सगळीकडे आहे : टीमनं एकत्र राहायचं, आणि टीमची वेळ धरली जाते ती शेवटचा गडी रेषा ओलांडेल तेव्हाची.

आपण खासबागेच्या गावचे. आखाड्यात उतरलेल्याला स्वतःच्याच दमावर कुस्ती मारायची असते, तेच आपण लहानपणापासून बघत आलो. म्हणून हा शेवटचा नियम कोल्हापूरच्या पोरापोरींना सगळ्यात उशिरा कळतो. मलाही उशिराच कळला.

पायरी १ : टीम जमवा

सगळ्यात वेगवान चौघं शोधू नका. दमल्यावर, भुकेल्यावर, वाट चुकल्यावर जो दुसऱ्याच्या अंगावर जात नाही, तो आधी घ्या. हे चहाच्या टपरीवर कळत नाही. चौघांनी एक पूर्ण दिवस डोंगरात काढा आणि मग ठरवा. शिवाय सगळ्यांना विचारा : पहिला नंबर हवाय की शर्यत पूर्ण करायचीय? या एका प्रश्नाचं उत्तर वेगवेगळं असलं की मैत्रीला तडा जातो, म्हणून तो नाव नोंदवण्याआधी विचारायचा. चौघांना पोहता आलंच पाहिजे, त्यात सवलत नाही.

पायरी २ : कामं वाटून घ्या

एकानं नकाशा बघायचा, दुसऱ्यानं त्याची चूक पकडायची. तिसऱ्याकडे सायकलींची दुरुस्ती, चौथ्याकडे घड्याळ आणि खाणं. कॅप्टन कुणीही असो, नकाशावाल्याला मात्र बोलून बोलून भंडावून सोडू नका.

पायरी ३ : तीन-चार महिने सराव

आपल्याला जिम शोधत फिरायची गरज नाही. शहरापासून वाघबीळमार्गे पन्हाळा सुमारे २० किलोमीटर, आणि गड आजूबाजूच्या सपाटीपासून साधारण ४०० मीटर वर. सायकलचा चढ इथेच पक्का करा. रत्नागिरी रस्त्यावर अवजड गाड्या असतात, तेव्हा सुट्टीच्या दिवशी झुंजूमुंजू व्हायला निघा आणि मागचा लाल दिवा लावा. जोतिबाच्या डोंगरावरच्या पायवाटा पळायला चांगल्या. आठवड्यात दोन दिवस एकट्यानं पळा, एक दिवस पाय आणि पाठीचा व्यायाम करा. रविवार चौघांचा : आधी दोन तास सायकल, उतरल्या उतरल्या तासभर डोंगर. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात, त्याची सवय याच रविवारी लागते.

महिन्यातून एकदा रात्री चाला. पन्हाळ्याच्या परिसरातही गवे फिरतात, म्हणून गप्पा मारत, टॉर्च लावून, रुळलेल्या वाटेनं जा. राधानगरी-दाजीपूरचं जंगल अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय सराव करायचा नाही.

पायरी ४ : नकाशा वाचायला शिका

शर्यती इथेच हरल्या जातात, म्हणून इथे वेळ घालवा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, साधारण दर २० मीटर उंचीला एक. रेषा दाटीवाटीनं आल्या की उभा चढ, विरळ झाल्या की पठार. आधी दिवसाढवळ्या ओळखीच्या डोंगरावर उभं राहा, होकायंत्रानं नकाशा उत्तरेला लावा आणि समोर दिसतंय ते कागदावर शोधा.

वेळेचा अंदाज घ्यायला जुना ठोकताळा आहे : सपाटीवर तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. म्हणजे पन्हाळ्याएवढ्या चढाला सपाट अंतराच्या वेळेवर ४० मिनिटं धरायची. वेळ फारच पुढे गेली आणि ठिकाण आलं नाही, तर तिथेच थांबा. आपण चुकलोय.

आम्ही थांबलो नव्हतो. पावसाळ्यात मसाई पठारावर सरावाला गेलो होतो. ज्यांनी ते पठार धुक्यात पाहिलंय त्यांना माहीत आहे, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि सगळी जमीन एकसारखी. होकायंत्र माझ्या हातात, छातीशी धरलेलं, आणि त्यामागे खिशात मोबाईल. मोबाईल, लोखंड, लोहचुंबक जवळ असलं की सुई सरकते, हे मी वाचलेलं होतं आणि त्या वेळी विसरलो होतो. दहा अंशांची चूक एका किलोमीटरला जवळजवळ पावणेदोनशे मीटर बाजूला नेते. धुक्यात पावणेदोनशे मीटर म्हणजे दुसरा गाव. तासाभरानं आम्ही आमच्याच बुटांच्या ठशांवर परत आलो. मैत्रिणीला मघापासूनच संशय येत होता, पण माझा मान राखायला ती गप्प राहिली. म्हणून वर लिहिलं, चूक पकडायचं काम एकाला नेमूनच द्या. मग त्यात कुणाचा मान-अपमान राहत नाही.

दोन गोष्टी घोटून घ्या. पहिली, आपली पावलं मोजा : १०० मीटरला उजवा पाय किती वेळा पडतो, सपाटीवर किती, चढावर किती. बहुतेकांची सपाटीवरची संख्या साठ-पासष्टच्या आसपास येते. दुसरी, थेट चेकपॉइंटकडे जाऊ नका. त्याच्या जवळची ठळक खूण आधी गाठा, मग तो ओढ्याचा संगम असो, देऊळ असो की वाटेचा फाटा, आणि तिथून शेवटचं थोडं अंतर मोजून जा.

पायरी ५ : पाणी

दोघांच्या कयाकमध्ये पुढचा ठेका धरतो आणि मागचा दिशा सांभाळतो. वल्हं दंडानं ओढू नका, कमरेतून वळा, नाहीतर अर्ध्या तासात खांदे भरून येतात. कयाक भाड्यानं घेऊन शिकायला तारकर्ली-देवबागची खाडी बरी. लाइफ जॅकेटचे पट्टे काठावरच आवळायचे.

पावसाळ्यात पंचगंगेत उतरायचं नाही. राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका हे आपल्याकडे पोरासोरांना पाठ असतं, पण पाणी इशाऱ्याच्या खाली असलं म्हणजे सुरक्षित झालं असं नाही. गढूळ पाण्याखाली काय वाहतंय ते दिसत नाही.

पायरी ६ : मदत द्या, त्याहून मोठं म्हणजे घ्या

सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापा. एक टोक तगड्या गड्याच्या सीटखालच्या दांड्याला, दुसरं मागच्याच्या हँडलला, चटकन सुटेल अशा हुकानं. चढावर आणि सपाटीवर मागच्याला बराच आधार मिळतो. उताराला लागायच्या आधी हुक काढायचाच, नाहीतर दोघंही पडतात. चालताना हीच पट्टी पुढच्याच्या बॅगेला बांधून मागच्याच्या कमरेला देता येते.

तंत्र सोपं आहे, अवघड आहे ते मन. शर्यतीत ऐकू येणारं संभाषण असं :

“भावा, बॅग दे इकडं.”

“नको रे, चालतंय.”

त्या ‘चालतंय’नं आमचा एक अख्खा दिवस खाल्ला. तो मित्र आमच्यात सगळ्यात तगडा होता. तीन तास तो चालतंय म्हणत राहिला, मग बांधावर बसला तो उठलाच नाही. त्यानं पहिल्या तासाला बॅग दिली असती तर आम्ही चौघं रेषेवर पोचलो असतो.

म्हणून आता आम्ही शब्द वापरत नाही, आकडा वापरतो. अंगात किती दम उरलाय, त्याचा दहापैकी आकडा दर अर्ध्या तासाला प्रत्येकानं सांगायचा. पाच किंवा खाली आला की त्याची बॅग दुसऱ्याकडे, चर्चा नाही, आभार नाही. पुढच्या टप्प्यात आकडे फिरतात आणि मघाचा दमलेलाच दुसऱ्याला ओढत असतो. आणि जो बोलता बोलता गप्प झाला, त्याच्याकडे आकडा न विचारता आधी बघा.

पायरी ७ : खाणं

भूक लागायची वाट बघू नका. तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. आपल्याकडे शेंगदाणा चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, गुळाचा खडा हे सगळं खिशात मावतं आणि गोडाचा कंटाळा आला की खारे शेंगदाणे. तहानेप्रमाणे पाणी प्या, सोबत मीठ जाऊ द्या. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. आदल्या रात्री तांबडा-पांढरा मोह आवरा. शर्यत संपल्यावर भरपेट खा.

पायरी ८ : सामान आणि टप्प्याची अदलाबदल

हेल्मेट, हेडटॉर्च आणि जादा सेल, शिट्टी, प्रथमोपचार, वाऱ्या-पावसाचं जाकीट, पंक्चरचं सामान, चेनची जादा कडी. आयोजकांची यादी आली की तीच प्रमाण. शिट्टीची खूण चौघांना पाठ हवी : मदतीसाठी मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. उत्तर मिनिटाला तीन.

एका खेळातून दुसऱ्यात जाताना वेळ फुकट जातो. एखाद्या रविवारी अंगणात बूट बदलणं, बॅग भरणं, सायकल उचलणं यांची घड्याळ लावून तालीम करा. प्रत्येकाची पिशवी वेगळ्या रंगाची ठेवा.

पायरी ९ : शर्यतीच्या दिवशी आणि नंतर

नकाशा हातात आल्यावर पळू नका. दहा मिनिटं बसून चौघांनी वाट आखा आणि ‘इथवर आलो तर चुकलो’ अशी एक जागा प्रत्येक टप्प्यावर ठरवा. पहिल्या तासात बाकीच्या टीम पुढे जातील, जाऊ द्या.

परत येताना गाडी चालवायला शर्यतीत नसलेला एखादा मित्र आधीच सांगून ठेवा. रात्रभर जागलेल्या कुणीही घाटात स्टेअरिंगला हात लावायचा नाही, आकडा कितीही चांगला सांगत असला तरी.