'दादासाहेब' नऊ मात्रांचं आहे

पहिलं गाणं लिहून झालं की लगेच स्टेजवर देऊ नका. मी दिलं होतं. 15 ऑक्टोबर, डॉ. आंबेडकरांचे सहकारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांची जयंती, नाशिकरोडला आमच्या गल्लीत मंडप, आणि ध्रुवपदाच्या पहिल्याच ओळीला गायक अडखळला. पुढचा सगळा कार्यक्रम मी मंडपामागे जनरेटरजवळ उभं राहून ऐकला.

कागदावर ओळ चांगली होती: 'दादासाहेब आमचे कैवारी'. वाचताना कुठं खटकत नाही. पण चाल केरवा तालातली, आठ मात्रांची. आता नाव बोटांवर मोजा, दीर्घ अक्षराला दोन मात्रा, ऱ्हस्वाला एक. दा दोन, दा दोन, सा दोन, हे दोन, ब एक. नऊ! मी नाव समेवरच, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरच, सुरू केलेलं. आठ मात्रा 'दादासाहे'तच संपल्या आणि उरलेला 'ब' पुढच्या समेवर एकटाच आपटला. ढोलकीची थापही नेमकी त्याच्यावरच. कोरसमधली पोरं खुदखुदली. दुसऱ्या फेरीला गायकानं सावरायला 'दादासाब' करून टाकलं. ज्यांच्यासाठी गाणं, त्यांचंच नाव आम्ही मोडलं.

उपाय ढोलकीवाल्यानं दोन मिनिटांत सांगितला, चहा पिता पिता. 'दादा' समेच्या आधीच्या चार मात्रांत उचलायचं, म्हणजे सम बरोबर 'सा'वर येते. 'साहेब'च्या पाच मात्रा झाल्या की पुढं तीन मोकळ्या, तिथं कोरसला श्वास घेता येतो. शब्द एकही बदलला नाही, फक्त नाव चार मात्रा मागं सरकवलं. त्यांचं मूळ नाव 'भाऊराव' घेतलं असतं तर सात मात्रा, शेवटचा 'व' जरा लांबवला की आठ. पण लोकांच्या तोंडी 'दादासाहेब'च आहे, तेव्हा तेच बसवायचं. तुमच्या गाण्यातली व्यक्ती गल्लीतली दाई असो की तालमीतले वस्ताद, आधी नाव मोजा, मग चाल धरा. हे मी उगाळतोय, माहीत आहे. पण नाव मोजायला मला कुणीच सांगितलं नव्हतं.

म्हणून माझं मत: गुरू शोधत हिंडू नका, ढोलकीवाल्याशी मैत्री करा. मोठे कवी तुमची वही बघून 'छान आहे' म्हणतात. ढोलकीवाला थाप थांबवतो.

मोबाईलवर गाणं लिहून देणारी ॲपं आता सगळ्यांकडे आहेत. मीही वापरून पाहिलं. दादासाहेबांना 'क्रांतिसूर्य', 'दीपस्तंभ', 'युगपुरुष' असं सगळं मिळालं. फक्त त्यांचं जन्मगाव, दिंडोरीजवळचं आंबे, नव्हतं, आणि 1959 चा भूमिहीनांचा सत्याग्रहही नव्हता. नाव बदललं की तेच गाणं नगरसेवकाच्या वाढदिवसाला चाललं असतं. ज्या जिल्ह्यात, सिन्नरच्या देशवंडीत, लोकशाहीर वामनदादा कर्डक जन्मले, तिथले कान असल्या मालाला फसत नाहीत.

सिनेमाची तयार चाल? शिकताना घ्या, बिघडत नाही.

यमकाला मात्र सांभाळा. माझ्या दुसऱ्या कडव्यात 'काळारामाचं दार उघडलं' असं होतं, कारण पुढं 'घडलं' जुळत होतं. नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणूनचा सत्याग्रह, ज्यात दादासाहेब पुढं होते, 2 मार्च 1930 ला सुरू झाला, पाचएक वर्षं चालला, आणि दार उघडलं नाही. वाचलेलं होतं मी हे सगळं, तरी यमकापुढं विसरलो. कार्यक्रमानंतर एक आजोबा काठी टेकत आले. त्यांचे वडील त्या सत्याग्रहात होते. म्हणाले, "पोरा, दार कधी उघडलं रे? आम्हाला कुणी सांगितलंच नाही." रागावले असते तर बरं झालं असतं. आता तिथं 'बंद दारापुढं रांग हटेना' आहे. यमक कच्चं झालं, राहू दे.

पहिलं गाणं पडलं म्हणून वही बंद करू नका. लोक तेवढं लक्षात ठेवत नाहीत. (आमच्या गल्लीत ठेवतात. 'दादासाब' म्हणून अजून चिडवतात.) पुढच्या जयंतीला तेच गाणं पुन्हा दिलं. या खेपेला मी ढोलकीशेजारी बसलो होतो. समेआधी मी मान हलवायच्या आतच कोरसमधल्या सगळ्यात लहान पोरीनं 'दादा' उचललं होतं.